एक गोष्ट बघून ये

आमच्या शाळेत एका वर्गात एक शब्द बंद होता. 'क्षणभंगुर'. बाकीच्या वर्गांत तो मुबलक चाले. मी तर माझ्या मुलींना तो फळ्यावर लिहून द्यायची, कारण मराठीच्या पेपरात कुठे ना कुठे तो कामाला यायचाच. पण शेजारच्या 'ब' तुकडीत, सरांच्या तासाला, एखाद्या मुलीच्या तोंडून हा शब्द निघाला की सर हातातलं पुस्तक मिटत आणि दाराकडे बोट करत.

"जा. बाहेर जाऊन एक गोष्ट बघून ये. आत्ता हाय अशी. आन् मंग सांग."

मुलगी बाहेर जाई, पटांगणात जरा घुटमळे आणि परत येऊन सांगे, की कडुनिंबावर खार आहे. सर विचारत, "खार काय करती?" ते बघितलेलं नसलं तर पुन्हा बाहेर. खार शेपटी उडवते आहे, की काही कुरतडते आहे, की नुसतीच बसली आहे, हे कळल्याशिवाय धडा पुढे सरकत नसे. माझ्या खिडकीतून हे सगळं दिसे. माझ्या मुलींचं लक्ष उडे, आणि मला या प्रकाराचा मनापासून राग येई.

शाळा मुलींची, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतली. मी नगरहून लग्न होऊन औरंगाबादेत आलेली, नवी नोकरी, नवी घडी घातलेली साडी आणि नवीच शिस्त. मॅट्रिकच्या 'अ' तुकडीला मराठी मी शिकवायची आणि 'ब'ला सर. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. उंच, काटकुळे, गुडघ्याखाली येणारा कोट आणि पायजमा. घंटा नसलेली सायकल. समोर माणूस आला की "अहो, मी येतोय" असं ओरडत ते गुलमंडीच्या गर्दीतून पार होत.

त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूत झालं होतं. पोलीस ॲक्शन झाली आणि शाळांची भाषा बदलली. "एका उन्हाळ्यात जबान बदलली, बाई," ते सांगत. "मे महिन्यात मी उर्दूतून हिसाब शिकवत होतो. शाळा उघडली तर माझ्या हातात मराठीचं पुस्तक. पोरं आन् मी संगंच शिकलो." त्यामुळे त्यांच्या मराठीत 'अर्थ' क्वचित यायचा, 'मतलब' नेहमी. हजेरी घेतानाही मुलींचे नंबर पुकारून झाले आणि एकही गैरहजर नसली, की वही मिटून ते मोठ्या समाधानानं म्हणत, "सब हाजिर." हे दोन शब्द भिंतीपलीकडून आले की आज त्यांची स्वारी खुशीत आहे हे मला कळे.

जेवायला बसले की डब्यातला गोडाचा पदार्थ ते आधी खात. गूळ असो, शिरा असो, लाडू असो, पहिला तो. भाकरी नंतर. लग्नाच्या पंगतीतही तेच. जिलबी वाढली की वरणभात वाढणारा येईपर्यंत यांची जिलबी संपलेली. यजमान शरमून पुन्हा वाढायला सांगे, तीही संपे. मी एकदा म्हटलं, "सर, गोड शेवटी खातात." तर म्हणाले, "शेवटी भूक ऱ्हाती का? भाताला काय, तो कुठं पळून चाललाय?"

सीताफळांच्या दिवसांत तर कहर व्हायचा. दौलताबादकडच्या बायका पाट्या घेऊन शहरात यायच्या. सर त्यांच्याकडून कच्ची सीताफळं घेऊन शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात गवतात मांडून ठेवत. खालच्या खणात नकाशे, वरच्या खणात सीताफळं. रोज सकाळी येऊन एकेकाला अंगठ्यानं हलकेच दाबून बघत. एकदा मी व्याकरणाचा तास घेत होते, फळ्यावर समास मांडलेले, आणि सर दारात. हातावर उघडलेलं अर्धं सीताफळ.

"बाई, हे मधल्या सुट्टीपर्यंत ऱ्हात नाय."

"सर, तास चालू आहे."

"तास उद्या बी हाय."

ते हात मागे घेईनात. पन्नास मुली बघताहेत आणि मी फळ्याशी उभी राहून सीताफळ खाते आहे. बिया कुठे टाकायच्या ते कळेना, शेवटी खडूच्या डबीत टाकल्या. गोड होतं, हे कबूल केलं पाहिजे. इतकं बरोबर पिकलेलं सीताफळ मी पुन्हा खाल्लं नाही.

शाळेच्या नळाचंही तसंच. औरंगाबादेत नळाला पाणी कधी येईल हे तेव्हाही कुणी सांगू शकत नव्हतं. आमचे शिपाई, त्यांना सगळे मामू म्हणत, पटांगणाच्या कोपऱ्यातून हाक मारत, "सर, नल आया!" मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंना, ते हाक मारत नसत, कारण तास चालू असताना पाणी भरायचं नाही असा बाईंचा नियम होता. सर मात्र वाक्य अर्धं टाकून सगळा वर्ग बाहेर काढत. मुली मडकी, बादल्या, जे सापडेल ते घेऊन धावत. मोठ्या बाई व्हरांड्यात येऊन घड्याळाकडे बघत उभ्या राहत. या एका गोष्टीपायी त्यांनी सरांना मेमोवर मेमो दिले. सर प्रत्येक मेमो नीट वाचत, "हस्ताक्षर लई सुरेख हाय बाईंचं" असं म्हणत आणि कोटाच्या खिशात ठेवत.

हे असं का, हे मी एकदाच विचारलं. ते त्या दिवशी शिंप्याच्या दुकानातूनच नवा कोट अंगावर घालून आले होते, सणवार काही नसताना. त्यांनी जे सांगितलं ते खरं असेल, थोडं रंगवलेलंही असेल. पुढे दुसऱ्यांना सांगताना मी ते ऐकलं तेव्हा तपशील जरा बदललेले होते.

"ॲक्शनच्या आधीचं साल. वैजापूरच्या पल्याड आमचं गाव. लई धास्ती होती तेव्हा. आम्ही रातोरात येवल्याकडं मामाच्या गावी निघालो. जायच्या आधी आईनं पितळेची भांडी आन् लग्नातला शालू पेवात पुरला." पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. "माघारी आलो तर पेवात पाणी उतरलेलं. भांडी निघाली. शालू उचलाया गेली तर कापड समदं कुजलेलं, हातात नुसती जर आली. बाई, तो शालू तिनं लग्नानंतर एकदा बी नेसला नव्हता. चांगला हाय म्हणून."

एवढं सांगून त्यांनी नव्या कोटाच्या बाहीला लागलेला खडू झटकला आणि ते तासाला गेले.

आता त्या कवितेबद्दल. मॅट्रिकच्या पुस्तकात चार ओळींची एक कविता होती. पुस्तकातली सगळ्यांत लहान, म्हणून मुलींची सगळ्यांत आवडती.

फूल म्हणाले, थांब जरा;
वारा वदला, निघतो मी.
दोघांचेही खरेच ते;
वास घेत मी मधे उभी.

मी ही कविता अर्ध्या तासात संपवायची. अर्थ, मध्यवर्ती कल्पना, नमुना उत्तर. सर ती क्रमानं घेतच नसत. पटांगणातल्या बुचाच्या झाडाला फुलं येईपर्यंत ते थांबत आणि मग मुलींना पुस्तकांशिवाय त्या झाडाखाली नेऊन बसवत. तिथे आठ-आठ दिवस नुसती चर्चा. फूल कुणाला थांब म्हणतं, वाऱ्याला की बाईला? बाईनं ते फूल तोडलं का? ती कुठे निघाली होती? उत्तर कुणी सांगायचं नाही, आधी काय दिसतं ते सांगायचं.

माझं आणि त्यांचं यावरून शिक्षकांच्या खोलीत वाजलं.

"सर, कविता सरळ आहे. फूल राहत नाही, वारा राहत नाही. चांगलं काही टिकत नाही, एवढाच अर्थ."

"हे तुम्हाला कवितेनं सांगितलं?"

"मग कुणी?"

"गाइडनं," ते म्हणाले. "बाई, टिकत नाय हे तर फुलाला बी ठावं हाय आन् वाऱ्याला बी. तिसऱ्या ओळीत ते मिटलं. चौथी वाचा. ती बाई काय करती?"

"उभी आहे."

"नुसती?"

"वास घेते आहे."

"मंग तेवढं सांगा की पोरींना. गेलं, गेलं, हे समदेच सांगतात. व्हतं त्याचं कोणी सांगत नाय."

मला ते पटलं नाही असं नाही. पण परीक्षकाला ते पटणार नव्हतं, आणि आमच्या मुलींच्या पेपरावर सही परीक्षकाची होती, कवयित्रीची नव्हे. माझ्या तुकडीचा मराठीचा निकाल सरांच्या तुकडीपेक्षा दरवर्षी चांगला लागे. यात मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

त्या वर्षी 'ब' तुकडीत विमल नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांची वैजापूरच्या बाजारात कांद्याची आडत होती. ती इथे मावशीकडे राहून शिकत होती. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखं, बोलायला कमी. सहामाहीला आम्ही एकमेकांच्या तुकडीचे पेपर तपासत असू. तिनं त्या कवितेच्या प्रश्नाला लिहिलं होतं, 'ती बाई वास घेत उभी आहे. तिला माहीत आहे की वारा निघाला आहे. तरी ती वाऱ्याकडे बघत नाही.' एवढंच. मी ते नमुना उत्तराशेजारी ठेवलं आणि त्यात बसतील तेवढे गुण दिले. आज तपासला तरी तेवढेच देईन.

थंडी सरता सरता तिचे वडील शाळेत आले. खांद्यावर कांद्याचं पोतं. ते त्यांनी सरांच्या पायाशी ठेवलं आणि सरांनी तिथल्या तिथे ते सोडून आम्हा सगळ्यांना कांदे वाटायला सुरुवात केली. माझ्याही पदरात चार पडले.

"सर, पोरगी हुशार हाय असं तुमीच म्हंता," वडील म्हणाले. "मंग मराठीत मार्क काहून कमी?"

"काय म्हन्ती ती?"

"म्हन्ती, सरांनी सांगितलं तसंच लिव्हलं."

सरांचा हात पोत्यातच राहिला.

"मी तिला सांगून ठेवलंय," वडील पुढे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, बाजारातला भाव सांगावा तसं ते सांगत होते. "पहिला वर्ग आला तर डी.एड.ला घालतो. मास्तरीण होऊ द्या. नाय आला तर ह्याच उन्हाळ्यात बार उडवून देतो. पोरगं बघून ठेवलंय, नांदगावकडचं. जमीन बी हाय. आता तुमच्या हातात हाय बगा."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं. दार उघडं होतं, आम्हाला ऐकू येत होतं. सरांनी मुलींना नमुना उत्तरं लिहून द्यावीत, नाहीतर परीक्षेपर्यंत 'ब' तुकडीचं मराठी माझ्याकडे द्यावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. सर नुसती मान हलवून बाहेर आले. हस्ताक्षराचं कौतुकही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी ते माझ्याकडे आले. "बाई, तुमचं ते उत्तर द्या."

मी कागद दिला. तो त्यांनी घडी न घालता हातात धरून वर्गात नेला, ओला असल्यासारखा.

माझ्या वर्गाला मी निबंध लिहायला दिला आणि दोन वर्गांमधल्या अर्धवट उघड्या दाराशी उभी राहिले. सर लिहून देत होते. एकेक शब्द, सावकाश, स्वच्छ, पुस्तकी मराठीत. 'प्रस्तुत कवितेत कवयित्रीने निसर्गातील साध्या प्रसंगातून जीवनाविषयीचे सत्य मांडले आहे. जगातील सर्व सुंदर गोष्टी...' इथे ते थांबले. कागद त्यांच्या समोरच होता. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"...क्षणभंगुर असतात," ते म्हणाले. "पूर्णविराम."

वर्गात कुणाचंही पेन हललं नाही. सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या.

"लिव्हा," सर म्हणाले. "लिव्हलं पाह्यजे."

मुलींनी लिहिलं. विमलनंही लिहिलं. मग सरांनी कागद टेबलावर ठेवला, खडू कोटाच्या खिशात टाकला आणि ते वर्गातून बाहेर पडले. पायऱ्या उतरले आणि पटांगणाच्या मधोमध उन्हात जाऊन उभे राहिले. 'ब' तुकडीच्या मुली एकेक करत खिडक्यांशी आल्या. माझ्याही आल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही. मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या होत्या. त्यांनी या वेळी घड्याळ पाहिलं नाही. सर आधी झाडाकडे बघत होते. नंतर वळून ते शाळेकडे बघत उभे राहिले, बराच वेळ.

ते परत आले तेव्हा मुली अजून खिडकीशीच होत्या. विमल, जी कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "सर, काय बघितलं?"

"खिडकीत पोरी व्हत्या."

"काय करत व्हत्या?" तिनं विचारलं. अगदी ते विचारत तसं.

"बघत व्हत्या," सर म्हणाले. मग जरा थांबून, "सब हाजिर."

इकडे माझ्या वर्गात मला रडू फुटलं. परीक्षा जवळ आली होती, महिन्याभरात या मुली वर्गातून जाणार होत्या, आणि हा माणूस त्यांना डोळे भरून बघून आला होता. मी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या मुलींवर उगाचच ओरडले, "जागेवर बसा!" भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "पुढं. दुसरा मुद्दा लिव्हा."

विमलला पहिला वर्ग मिळाला. वडील पेढे घेऊन आले तेव्हा सर सायकलवरून घरी निघाले होते. त्यांनी शाळेच्या फाटकातच, एक पाय जमिनीवर टेकवून, पेढे खाल्ले. मग म्हणाले, "घाला आता डी.एड.ला." वडिलांनी शब्द पाळला. पुढे विमल वैजापूर तालुक्यातल्याच एका शाळेत शिक्षिका झाली.

सर निवृत्त झाले. काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ते गेले. दोन दिवस ताप आला आणि संपले. शाळेत शोकसभा ठेवली. हार घालायला फोटो शोधला तर एकट्याचा कुठे सापडेना. शेवटी एका वर्गाच्या फोटोलाच हार घातला. त्यात मुलींच्या मागे उभे असलेले सर, आणि हलल्यामुळे त्यांचा चेहरा जरा पुसट. विमल वैजापूरहून एसटीनं आली होती. तिच्या वर्गातल्या आणखीही बऱ्याच जणी होत्या, कुणाच्या कडेवर मूल. मामू मागे दाराशी उभे होते.

भाषणं झाली. मी बोलले. सीताफळाची गोष्ट सांगितली, सगळे हसले. बाकीचं मला सांगता आलं नाही, मी खाली येऊन बसले.

शेवटी मोठ्या बाई उठल्या. त्यांचं ते शाळेतलं शेवटचंच वर्ष होतं. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं, त्या सुरेख अक्षरात. सरांची सेवा, सरांची तळमळ, विद्यार्थिनींवरची माया, सगळं व्यवस्थित होतं. मग त्या वाचू लागल्या, "मृत्यूपुढे कुणाचा इलाज चालत नाही. मानवी जीवन हे..."

आणि त्या अडखळल्या. पुढच्या रांगेत विमलनं मान वर केली. तिच्याबरोबरच्या सगळ्या जणींनीही. दाराकडे बोट करणारं मात्र कुणी नव्हतं.

"...क्षणभंगुर आहे," मोठ्या बाईंनी वाक्य पूर्ण केलं.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला, व्यासपीठाच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरल्या आणि बाजूच्या दारानं पटांगणात गेल्या. संस्थेची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी विचारलं, बाईंना बरं वाटत नाही का? आम्ही ज्यांना ठाऊक होतं त्या दाराकडे बघत राहिलो.

बाई आल्या त्या दारातच थांबल्या. ऊन त्यांच्या पाठीवर होतं.

"नळाला पाणी आलंय," त्या म्हणाल्या.

मग विमल उभी राहिली.

"बाई, धार कशी हाय?"

"मोठी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर कमरेला खोचला. "मामू, बादल्या काढा. चला गं सगळ्या. आत्ता."

शोकसभा तशीच टाकून आम्ही सगळ्या पटांगणात धावलो. मडकी भरली, हंडे भरले, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्यासुद्धा भरल्या. कडेवरची मुलं खाली उतरून चिखलात नाचली. मोठ्या बाईंची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि त्या मोठमोठ्यानं हसत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पाणी कधी गेलं, ते मला आठवत नाही. धार मोठी होती.